छापखाना कोणाचा? मूकनायक ते मोबाइल



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात ‘मूकनायक’वर बोलत होतो. बोलणे संपल्यावर बी.ए.च्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “दादा, राग मानू नका. पण बाबासाहेबांना वृत्तपत्र काढावे लागले, कारण तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हते. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. व्हिडिओ काढला, टाकला, लाख लोकांनी पाहिला. मग या जुन्या पत्रांचा इतिहास आम्ही कशाला वाचायचा?”

प्रश्न प्रामाणिक होता आणि असा प्रश्न पडणारा तो एकटा नाही. त्या दिवशी मी दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नवे यंत्र आले की जात आपोआप मोडते, हा भ्रम आहे. गेल्या दोनशे वर्षांत छापखाना आला, तार आली, रेडिओ आला, कॅसेट आली, टीव्ही आला आणि आता इंटरनेट आले. प्रत्येक यंत्राने व्यवस्थेला एक फट पाडली. पण यंत्राची मालकी, बातमीची निवड आणि ती लोकांपर्यंत नेण्याची वाट यांवर ज्यांचा ताबा होता, त्यांनी ती फट बुजवायचा प्रयत्न केला. आपल्या माणसांनी त्या फटीत पाय रोवला तेव्हाच काहीतरी बदलले. हे कसे घडले ते पाहू.

यंत्र आले, सोवळेही आले

१८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. ते भंडारी समाजातले. छापलेल्या पंचांगाला आणि पोथ्यांना सनातन्यांनी हरकत घेतली. छपाईच्या शाईत चरबी असते, मग असला कागद देवघरात कसा न्यायचा? गणपत कृष्णाजींनी यावर तोडगा काढला आणि तुपाची शाई वापरून धर्मग्रंथ छापले. मग मात्र तेच ग्रंथ लोकांना चालू लागले.

ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यातला धडा गंभीर आहे. छापखान्यासारखे यंत्र युरोपातून आले. एका पोथीच्या हजार प्रती काढणे त्याने सोपे केले. पण इथल्या समाजाने त्या यंत्रालाच आधी सोवळे नेसवले.

१८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. आजही तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. छापील कागद कोणाची जात विचारत नाही, हे खरे. पण तो वाचायला अक्षर लागते आणि अक्षर शाळेत मिळते. शाळेची दारे कोणाला बंद होती, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून बहुजनांचे पहिले वृत्तपत्र निघायला पुढे पंचेचाळीस वर्षे गेली. महात्मा फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवायला घेतला आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी प्रथमच छापील अक्षरांत आली.

याच ‘दीनबंधु’त गोपाळबाबा वलंगकर लिहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या हाती लेखणी आली कुठून? ते ब्रिटिश फौजेतून निवृत्त झाले होते. गावच्या शाळेने नाकारलेले अक्षर आपल्या अनेक पूर्वजांना पलटणीच्या छावणीत मिळाले. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा फक्त पगार गेला नाही, अक्षराची एक वाटही बंद झाली.

त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढला. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली. यातले कोणतेही पत्र फार काळ टिकले नाही. वाचक गरीब, साक्षर मोजके आणि जाहिराती मिळत नव्हत्या. पण ही पत्रे फसली असे मी म्हणणार नाही. ‘मूकनायक’ ज्या जमिनीवर उभा राहिला ती जमीन यांनीच तयार केली. बाबासाहेबांच्या आधी काहीच नव्हते, असे बोलणे या माणसांवर अन्याय करणारे आहे.

पैसे देऊनही न छापलेली जाहिरात

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. कार्यालय परळच्या पोयबावडीत. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. विचार आणि लेखणी अर्थातच बाबासाहेबांची.

पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हे पत्र का हवे, ते सांगितले. त्यांचा मुद्दा साधा होता. मुंबई इलाख्यात निघणारी बहुतेक पत्रे विशिष्ट जातींच्या हिताची आहेत, इतरांचे हित त्यांना दिसत नाही, इतकेच नव्हे तर कधी कधी ती त्याच्या आड येतात. म्हणून बहिष्कृतांना स्वतःचे पत्र हवे.

हे म्हणणे किती खरे होते त्याचा पुरावा लगेच मिळाला. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती, तीही रोख पैसे देऊन. ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. ही हकीकत पुढे बाबासाहेबांनीच ‘बहिष्कृत भारत’मध्ये नोंदवून ठेवली.

मित्रहो, या प्रसंगावर आपण फक्त संताप व्यक्त करतो आणि पुढे जातो. थोडे थांबून विचार करा. इथे बातमी दाबली गेली नव्हती किंवा लेख नाकारला गेला नव्हता. नाकारला गेला तो व्यवहार. बाजारात पैसा सगळ्यांचा सारखा असतो, असे आपल्याला शिकवतात. इथे पैसा देऊनही जागा मिळाली नाही. स्वातंत्र्याच्या गर्जना करणाऱ्या पत्राच्या पानावर आपल्या पत्राच्या नावालाही प्रवेश नव्हता. ज्याचे पान, त्याचा नियम. ही ओळ लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

१९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. ‘मूकनायक’ पुढे ज्ञानदेव घोलप यांनी चालवला, पण आर्थिक ओढाताणीत १९२३ मध्ये तो बंद पडला.

महाडची अफवा

२० मार्च १९२७. चवदार तळे. त्या दिवशीचे पाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दुपारी महाडमध्ये आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले पाहिजे. लोक पाणी पिऊन मंडपाकडे परतले आणि गावात आवई उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. असा कोणताही बेत नव्हता. तरीही गल्लीगल्लीतून लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव धावून आला. परतीच्या वाटेवर असलेल्या, जेवणाच्या तयारीत असलेल्या माणसांना मारहाण झाली. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले.

तेव्हा मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता. तरी अफवा गावभर पसरली. कारण अफवेला यंत्र लागत नाही, तिला विश्वास ठेवायला तयार असलेला कान लागतो. तो कान जातीने आधीच तयार करून ठेवला होता. खोटी बातमी हे इंटरनेटचे अपत्य आहे असे म्हणणाऱ्यांनी महाडचा इतिहास वाचावा.

आता पुढची तारीख पाहा. महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. ज्या घटनेने देशाला हादरवले, तिचा वृत्तान्त सवर्ण पत्रांच्या चष्म्यातून जगापुढे जाणार होता. कायद्याने आणि नगरपालिकेच्या ठरावाने खुले असलेले पाणी पिणाऱ्यांना काही पत्रे आततायी ठरवत होती. या टीकेचा एकेक मुद्दा घेऊन बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये उत्तर दिले. ‘आजकालचे प्रश्न’ आणि ‘प्रासंगिक विचार’ ही सदरे आजही वाचून पाहा. विरोधकाचे म्हणणे आधी नीट मांडायचे आणि मग पुराव्याने खोडायचे, ही पद्धत तिथे दिसते. शिवीगाळ नाही. आपल्यातल्या कमकुवत बाजूंवरही तितकेच कठोर लेखन आहे.

या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत होते. सोबत वकिली, विधिमंडळ, सभा, संघटना. पत्रासाठी त्यांनी स्वतः मोबदला घेतला नाही. उलट पत्रावर कर्ज झाले, तेव्हा हे ऋण फेडणे ही समाजाची जबाबदारी नाही का, असा प्रश्न त्यांनी वाचकांना अंकातूनच विचारला. मदत पुरेशी आली नाही आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ बंद झाले. हे कोण्या शत्रूने केले नाही, वर्गणी न भरणाऱ्या आपल्याच समाजाने केले. कडू आहे, पण खरे आहे. त्या वेळी पोट हातावर होते, हे कारण खरे होते. आज ते कारण आपल्यातल्या किती जणांना लागू पडते?

तार कोणाच्या हातात?

२४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाले. हेच पत्र सर्वांत जास्त टिकले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’ झाले. या काळात बाबासाहेबांना छापखान्याच्याही पुढचे काही दिसत होते.

गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, हा वाद पेटला तेव्हा गावोगावच्या सभांनी बाबासाहेबांना पाठिंबा देणाऱ्या तारा लंडनला पाठवल्या. तार कार्यालयात पैसे मोजून पाठवलेले ते चार शब्द राजकारणात पुरावा म्हणून उभे राहिले. आपल्या लोकांनी तंत्रज्ञानाचा नेमका वापर कसा केला, याचे हे एक उदाहरण.

दुसरे उदाहरण ‘जातिनिर्मूलन’चे. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणातला मजकूर पाहून परिषदच रद्द केली. पण भाषण मुंबईतच छापायचे, असा आग्रह बाबासाहेबांनी आधीपासून धरला होता. छापलेल्या १५०० प्रती हाताशी होत्या. व्यासपीठ गेले, पुस्तक राहिले. दोन महिन्यांत त्या प्रती संपल्या आणि अनेक भाषांत भाषांतरे होऊ लागली. गांधींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर लिहिताना आठ आणे किंमत जास्त असल्याचेही म्हटले होते! विचार करा, ते हस्तलिखित फक्त आयोजकांच्या ताब्यात असते, तर आज जगभर वाचला जाणारा हा ग्रंथ आपल्याला मिळाला असता का?

आणि तिसरी गोष्ट. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात बाबासाहेब परदेशी वाचकाला सांगतात की अस्पृश्यांची बाजू तुमच्यापर्यंत पोचत नाही, कारण त्यांच्याजवळ वृत्तपत्रे नाहीत. एवढे सांगून ते थांबत नाहीत. देशभर बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेत नोकरीला कोण आहेत, याकडे ते बोट दाखवतात. तिथे एकाच जातीची माणसे बसलेली आहेत, मग काँग्रेसविरोधी बातमी तारेवर चढेलच कशी?

ही दृष्टी पाहा. संपादक काय लिहितो, हे सगळेच पाहत होते. बातमी संपादकाच्या टेबलावर पोचण्याआधी ती कोण गाळतो, हे बाबासाहेब पाहत होते. आज माध्यमांवरच्या जाड पुस्तकांत जे शिकवले जाते, ते त्यांनी अनुभवातून मांडले. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात, पत्रकारिता पूर्वी पेशा होती, आता धंदा झाली आहे आणि विभूतिपूजा हे तिचे काम झाले आहे, अशी टीका त्यांनी केली. आजचे चॅनेल लावा आणि ठरवा.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे माध्यम

इथे एक शंका येईल. वाचणारे इतके थोडे होते, मग या पत्रांनी समाज कसा हलवला? उत्तर आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते. चाळीत एकजण वाचायचा आणि वीसजण ऐकायचे. एक अंक हातोहात फिरायचा. वर्गणीदारांच्या आकड्यावरून या पत्रांची ताकद मोजता येणार नाही.

वाचणारा एकही नसेल तिथे जलसा पोचला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी गावोगावी सभेचा विचार गाण्यातून आणि वगातून नेला. वामनदादा कर्डक तर मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. त्याआधी ग्रामोफोनच्या तबकड्या मोजक्या कंपन्यांच्या हातात होत्या. कॅसेटने प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज झोपडपट्टीतल्या टेपरेकॉर्डरपर्यंत नेले. पण तिथेही मालकीचा प्रश्न आलाच. कोणते गाणे जयंतीला खपते, हे व्यापाऱ्याला कळले. चळवळीची, भुकेची, भूमिहीनांच्या लढ्याची गाणी मागे पडली आणि नाचायला सोपी गाणी पुढे आली. आजच्या डीजेचे मूळ इथे आहे.

मात्र एक वाट आपण स्वतः बांधली आणि ती कोणालाच बंद करता आली नाही. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉल. दुकानांनी आपली पुस्तके ठेवली नाहीत, तर आपण रस्त्यावर सतरंजी टाकून विकली. लेखक आपला, प्रकाशक आपला, विक्रेता आपला, वाचक आपला. आपल्या माध्यमांच्या इतिहासातली ही सर्वांत यशस्वी रचना आहे, असे माझे मत आहे.

खैरलांजी आणि बातमीचा महिना

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, धम्मक्रांतीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी शेजारच्या नागपुरात लाखो लोक जमले होते. त्यांतल्या बहुतेकांना शेजारच्या जिल्ह्यात काय घडले, याची कल्पना नव्हती. सुरुवातीच्या बातम्यांनी या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग दिला. चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या तेव्हा होत्या. कॅमेरे होते, उपग्रह होते. सगळे तंत्रज्ञान हजर होते.

मग सत्यशोधन करणारे कार्यकर्ते गावात गेले. पत्रके निघाली, छायाचित्रांच्या प्रती फिरल्या, ई-मेल गेले. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र रस्त्यावर उतरला तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांना जाग आली. आणि जाग आल्यावर बातमी कशाची झाली? जाळपोळीची आणि आंदोलनामागे नक्षलवादी असल्याच्या संशयाची.

हे योगायोगाने घडत नाही. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत एखादा दलित पत्रकार शोधायचा प्रयत्न केला, त्यांना सापडला नाही. २००६ मध्ये, म्हणजे खैरलांजीच्याच वर्षी, दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची पाहणी झाली. त्यांत दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालाने १२१ नेतृत्वपदे तपासली. १०६ उच्चवर्णीय, अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. १९४५ ते २०१९. खिळे जुळवणारा जुळारी गेला, संगणक आला. तार गेली, फायबर आली. खुर्चीवरचा माणूस मात्र तोच राहिला.

मोबाइलचे काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मोबाइलने काहीच बदलले नाही, असे मी म्हणणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाचे शेवटचे पत्र संपादकाच्या परवानगीवाचून देशभर वाचले गेले. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या महाडच्या तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायदा सैल करणारा निकाल दिला. २ एप्रिलचा भारत बंद कोणत्याही मोठ्या पक्षाच्या आधाराशिवाय, बराचसा मोबाइलवरून उभा राहिला आणि ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसीवरची मुलाखत आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ही मोठी मिळकत आहे.

पण मोबाइल तुझा असला, तरी पान तुझे नाही, हे मी त्या मुलाला सांगायला हवे होते. तुझा व्हिडिओ कोणाला दाखवायचा, कोणाला नाही, हे दूरच्या कंपनीचे गणित ठरवते. ते गणित भडक गोष्टीला वर ढकलते, कारण भडक गोष्टीवर माणूस थांबतो आणि थांबला की जाहिरात दिसते. तक्रारींचा मारा झाला की तुझे खाते बंद होऊ शकते. अपील कोणाकडे करायचे, हेही कळत नाही. सरकारला वाटले तर जिल्ह्याचे इंटरनेटच बंद होते. ‘केसरी’ने जाहिरात नाकारली तेव्हा नाकारणारा दिसत तरी होता. आज ‘नाही’ असे कोणी म्हणत नाही, फक्त तुझी पोस्ट कोणाला दिसत नाही. आणि महाडची आवई आता गल्लीतून नाही, ग्रुपमधून धावते.

ज्याचे पान, त्याचा नियम. शंभर वर्षांत हे बदललेले नाही.

मग करायचे काय? मोबाइल टाकून द्या, असे मी सांगत नाही. बाबासाहेबांनी तार टाकून दिली नव्हती. त्यांनी तार वापरली आणि छापखाना स्वतःचा ठेवला. आपणही दुसऱ्यांच्या पानावर जरूर लिहावे, पण मूळ प्रत आपल्या घरी ठेवावी. स्वतःची संकेतस्थळे, स्वतःची छापील नियतकालिके आणि त्यांना नियमित वर्गणी. अत्याचाराची घटना घडली की व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी तारीख, ठिकाण, एफआयआर, साक्षीदार यांची नोंद. न तपासलेली गोष्ट पुढे न पाठवण्याची शिस्त, मग ती आपल्या बाजूची का असेना. आणि जतन. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक वसंत मून यांच्यासारख्यांनी जपले, म्हणून १९९० मध्ये ते पुस्तकरूपाने पुन्हा छापले गेले आणि आपण आज ते वाचतो. दादरचा बाबासाहेबांचा छापखाना मात्र २०१६ च्या जूनमध्ये आंबेडकर भवनासोबत पाडला गेला. तोपर्यंत आपल्यातले किती जण तिथे कधी गेले होते?

येत्या जयंतीला वर्गणी गोळा होईल तेव्हा मंडळाच्या बैठकीत एकच प्रस्ताव मांडून पाहा. आवाजाच्या भिंतीच्या खर्चातला दहावा हिस्सा आपल्या एखाद्या नियतकालिकाच्या वर्गणीसाठी आणि वस्तीतल्या वाचनालयासाठी. वाद होईल. होऊ द्या. ‘बहिष्कृत भारत’चे ऋण अजून फिटलेले नाही.

जय भीम!